ससा, उंदीर आणि कोंबडी: कोलेस्टेरॉलच्या शोधाची पार्श्वभूमी

कोलेस्टेरॉलच्या नावात हृदय कुठेच नाही. हा पांढरा, मेणचट पदार्थ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पहिल्यांदा सापडला तो पित्ताशयातल्या खड्यांत. म्हणून पुढे शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतल्या 'पित्त' आणि 'घन' या शब्दांवरून त्याचं बारसं केलं. हृदयाशी त्याची गाठ घातली सशांनी.

१९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिचकोव या तरुण डॉक्टरने अंड्याच्या बलकातून कोलेस्टेरॉल वेगळं केलं, सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलं आणि सशांना चारलं. काही आठवड्यांतच त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चरबीचे थर दिसू लागले, अगदी माणसांच्या धमन्यांत दिसतात तसे. इतरांनी हाच प्रयोग उंदरांवर, कुत्र्यांवर करून पाहिला, पण काहीच झालं नाही. हे प्राणी जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत रूपांतर करून मोकळे होतात. गवत खाणाऱ्या सशाला ते साधत नाही. मग 'हा सशांचा आजार आहे' असं म्हणून अनिचकोवचं काम कित्येक वर्षं बाजूला पडलं.

माणसांचा पुरावा यायला अमेरिकेतलं फ्रेमिंगहॅम गाव लागलं. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. १९६१ पर्यंत स्पष्ट झालं की रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो.

मात्र तेवढ्यावरून कोलेस्टेरॉलला विष म्हणता येत नाही. प्रत्येक पेशीचं आवरण, पित्ताम्लं, ड जीवनसत्त्व, स्त्री-पुरुष संप्रेरकं हे सगळं त्याच्याशिवाय बनत नाही, आणि बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर, मुख्यतः यकृत, स्वतःच तयार करतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून प्रथिनांच्या गाठोड्यांत बांधून फिरतं. रक्ततपासणीच्या रिपोर्टवरची एलडीएल ('वाईट'), एचडीएल ('चांगलं') ही या गाठोड्यांची नावं. 'चांगलं' आणि 'वाईट' कोलेस्टेरॉल असं आपण सर्रास म्हणतो, पण आतला माल एकच असतो. एलडीएलची गाठोडी फार झाली की धमनीच्या भिंतीत शिरून अडकतात, हा खरा त्रास. यकृत ही गाठोडी रक्तातून कशी उचलून घेतं, ते ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात दाखवलं. १९८५ चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

त्याच सुमारास टोकियोत अकिरा एंडो हे जीवरसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने, कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध शोधायला निघाले होते. काही बुरश्या स्वतःच्या बचावासाठी इतर जंतूंची कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ बनवण्याची प्रक्रिया बंद पाडत असतील, या तर्कावर त्यांनी सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये एका निळसर-हिरव्या बुरशीत ही प्रक्रिया रोखणारं 'कॉम्पॅक्टिन' मिळालं. उंदरांना दिलं, तर त्यांचं कोलेस्टेरॉल हललंच नाही. पुन्हा उंदीर! औषध तिथेच संपायचं. पण अंडी घालणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग झाला आणि त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. बलकासाठी कोंबडीच्या रक्तात भरपूर कोलेस्टेरॉल फिरत असतं. उंदराच्या रक्तात एलडीएल मुळातच नगण्य. ज्या बलकाने सशांचा घात केला, तो बनवणाऱ्या कोंबडीनेच हे औषध वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे अंड्यातलं पिवळं ताटाच्या कडेला सारण्याची जी सवय लागली, तिचं मूळ या सशांपर्यंत नेता येतं. बहुतेक माणसांत आहारातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा तूप, लोणी, डालड्यासारखी घट्ट चरबी एलडीएल जास्त वाढवते. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेने २०१५ च्या आवृत्तीत आहारातल्या कोलेस्टेरॉलची रोज ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढून टाकली. एका बलकातच २०० च्या आसपास असतं.

कॉम्पॅक्टिन स्वतः बाजारात आलं नाही. त्याचं भावंड लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तरीही या गोळ्यांनी जीव वाचतो का, याबद्दल डॉक्टर साशंक होते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: याच कुळातलं सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी होतं.