तरुणांना लावलेली नोकरदारांची फूटपट्टी

काय शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, घर कधी सोडायचं, पहिला पगार कुणाच्या हातात द्यायचा हे प्रश्न तरुणपणी बहुतेकांपुढे येतात. उत्तरं मात्र समाजागणिक बदलतात. त्याचं एक ठरलेलं स्पष्टीकरण हल्ली दिलं जातं: काही समाज व्यक्तिकेंद्री असतात, म्हणजे तिथे माणसाची स्वतःची इच्छा आधी येते; काही समूहकेंद्री, तिथे घर आणि गोतावळा आधी येतो. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती आली कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही. ती मुळात तरुणांकडे पाहून केलेलीच नव्हती.

'व्यक्तिवाद' हा शब्द 19व्या शतकातल्या फ्रान्समधला, आणि तो जन्मला तक्रारीच्या सुरात. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जुने बंध तुटले, जो तो सुटा झाला, अशी खंत असणाऱ्यांच्या तोंडी तो आधी आला. अमेरिकेतल्या लोकशाहीवर लिहिताना फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तोकविल यांनी 1840 मध्ये त्याला नेमका अर्थ दिला. स्वार्थ जुनाच, पण ही गोष्ट नवी, असं त्यांचं म्हणणं. माणूस आपलं कुटुंब आणि मित्र एवढं रिंगण आखून घेतो आणि बाकीचा समाज वाऱ्यावर सोडतो. म्हणजे तोकविल यांचा व्यक्तिवादी माणूस कुटुंबातून बाहेर पडत नव्हता, उलट कुटुंबात शिरून दार लावून घेत होता! आज आपण नेमकं उलटं धरून चालतो.

पुढे जर्मनीत समाजशास्त्रज्ञ फर्डिनंड टोनीज यांनी 1887 मध्ये आपुलकीने बांधलेला समाज आणि करारावर चालणारा समाज असा भेद केला. 1893 मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी श्रमविभागणीच्या अंगाने त्याच प्रश्नाला हात घातला. यातून एक सोपी गोष्ट रूढ झाली: आधी गाव आणि गोतावळा होता, मग कारखाने आले आणि माणूस एकटा झाला. ऐकायला पटते, पण तरुणांच्या बाबतीत ती निदान एका मोठ्या प्रदेशात लागू पडत नाही. लोकसंख्येचे अभ्यासक जॉन हायनल यांनी 1965 मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गपासून इटलीतल्या त्रिएस्तेपर्यंत एक रेषा कल्पून दाखवलं, की तिच्या पश्चिमेला लग्नं उशिरा होत आणि बरेच जण अविवाहितच राहत. इंग्लंडसारख्या भागात तर कित्येक मुलंमुली किशोरवयातच परक्याच्या घरी किंवा शेतावर वर्षाच्या बोलीने कामाला राहत. वीस-पंचविशीत चार पैसे गाठीला बांधून मग स्वतःचं घर मांडत. कारखान्यांच्या कितीतरी आधीची ही रीत आहे. घर सोडण्यामागे 'स्वतःचा शोध' वगैरे काही नव्हता, पोटापाण्याची व्यवस्था होती.

समाजांना आकडे चिकटले ते फार नंतर. 1967 ते 1973 या काळात आयबीएम या संगणक कंपनीने आपल्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेतल्या. डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी त्यांवरून 1980 मध्ये 40 देशांची क्रमवारी लावली. व्यक्तिकेंद्रीपणात अमेरिकेला 91 गुण, व्हेनेझुएलाला 12. गुण ठरले कशावरून? आदर्श नोकरीत काय महत्त्वाचं, या प्रश्नावरून. स्वतःसाठी वेळ आणि कामातलं स्वातंत्र्य मागणारे एका टोकाला, प्रशिक्षण आणि कामाची चांगली जागा मागणारे दुसऱ्या टोकाला. आईवडील, लग्न, भावंडं यांचा त्यात मागमूस नाही. तरीही पुढच्या कित्येक अभ्यासांत सोळा वर्षांच्या मुलाच्या मनाचा उलगडा याच आकड्यांच्या आधारे केला गेला. हे मला आजही अजब वाटतं.

प्रत्यक्ष मुलांना विचारल्यावर चित्र बदललं. मानसशास्त्रज्ञ शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा 1999 मधला एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांना शब्दकोडी दिली. कुणाला कोडी स्वतः निवडायला सांगितली, कुणासाठी परक्या बाईने निवडली, तर कुणाला 'ही तुझ्या आईने निवडली आहेत' असं सांगितलं. युरोपीय वंशाच्या मुलांनी स्वतः निवडलेली कोडी सर्वांत हौसेने सोडवली, आशियाई वंशाच्या मुलांनी आईने निवडलेली. परकीने निवडलेल्या कोड्यांत मात्र या मुलांनाही तेवढा रस वाटला नाही. दुसऱ्याचं मुकाट्याने ऐकण्याची सवय हे कारण असतं, तर कोडी कुणी निवडली याने फरक पडला नसता.

त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू फुलिग्नी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या किशोरांना घराविषयीच्या कर्तव्याबद्दल विचारलं. आशियाई आणि लॅटिन अमेरिकी घरांतल्या मुलांना ते जास्त महत्त्वाचं वाटत होतं. पण शाळेतले गुण पाहिले तर कर्तव्याची भावना अगदी तीव्र असलेली मुलं ती सर्वांत कमी असलेल्यांइतकीच मागे होती, कधी त्यांच्याहूनही.

गोंधळ कुठे आहे, हे तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञ चिदेम कायतचबाशी यांनी दाखवलं. आईवडिलांना मूल कशासाठी हवं असतं, यावर 1970 च्या दशकात अनेक देशांत अभ्यास झाला. त्यात तुर्कस्तानची बाजू त्यांच्याकडे होती. शिक्षण आणि शहरी उत्पन्न वाढलं की 'म्हातारपणचा आधार' म्हणून मुलाची गरज कमी होते, आणि त्याबरोबर निमूट आज्ञापालनाचा आग्रहही. जवळीक मात्र ओसरत नाही. निर्णय स्वतः घेणं आणि माणसांपासून दूर जाणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि एकाच फूटपट्टीने आपण दोन्ही मोजत आलो, असा त्यांचा आक्षेप. त्यांच्या मांडणीत करिअर स्वतःच्या मनाने निवडणारी आणि रोज रात्री घरी फोन करणारी मुलगी अर्धवट आधुनिक ठरत नाही. घरापासून तुटलेला, तरीही प्रत्येक निर्णयासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा तरुणही तिथे बसतो. जुन्या क्रमवारीत त्याला कुठे बसवायचं हा प्रश्नच होता.