मर्यादित स्पर्धा (परदेशी मदत अनुदाने)

देणगीदार देशाचे सरकार परदेशी मदतीचे अनुदान जाहीर करताना अर्जाची वाट सर्वांना खुली न ठेवता ठरावीक गटापुरती ठेवते, त्या पद्धतीला मर्यादित स्पर्धा म्हणतात. हा गट अर्जदाराचे राष्ट्रीयत्व, संस्थेचा प्रकार, तिचा आकार किंवा तिला पूर्वी मिळालेली रक्कम यांवरून ठरतो. गटाच्या आत स्पर्धा नेहमीसारखीच होते: अर्ज मागवले जातात, जाहीर निकषांवर गुण दिले जातात. स्पर्धाच न घेता एका संस्थेला थेट अनुदान देणे हा निराळा प्रकार आहे. बोलताना दोन्हींची सर्रास गल्लत होते. नियमांत मात्र दोन्हींसाठी वेगवेगळी कारणे लेखी द्यावी लागतात.

सर्वांत जुना अवतार बांधील मदतीचा. पैसा गरीब देशाच्या नावे, पण त्यातून होणारी खरेदी देणाऱ्या देशाच्याच कंपन्यांकडून. अशाने वस्तू आणि सेवा १५ ते ३० टक्के महाग पडतात, असा ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेचा बहुउद्धृत अंदाज आहे. मलेशियातील पर्गाऊ धरणासाठी ब्रिटनने दिलेली २३.४ कोटी पौंडांची मदत शस्त्रविक्रीच्या व्यवहाराशी जोडलेली असल्याचे उघड झाले आणि १९९४ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. ब्रिटनने २००१ पासून आपली मदत बांधीलकीतून मोकळी केली. त्याच वर्षी ओईसीडीच्या विकास साहाय्य समितीने सर्वांत कमी विकसित देशांना दिली जाणारी मदत मोकळी करण्याची शिफारस केली. तीत स्वतंत्र तांत्रिक सहकार्य वगळलेले होते आणि अन्नमदतीचा निर्णय ज्या त्या देशावर सोडला होता. सल्लागार आणि प्रशिक्षणाचा पैसा त्यामुळे घरच्या घरी फिरायला मोकळाच राहिला.

अमेरिकेत कंत्राट आणि अनुदान यांची कायदेशीर वाट वेगळी आहे. कंत्राटांसाठी १९८४ च्या कायद्याने पूर्ण व खुली स्पर्धा हा नियम केला, अपवादांना कारण लागते. अनुदान आणि सहकार्य करारांना लागू असलेला १९७७ चा कायदा स्पर्धेला ‘उत्तेजन’ देण्यापुरताच बोलतो. हा शब्दभेद किरकोळ वाटतो, पण त्याचा परिणाम मोठा आहे. कंत्राटातून डावलली गेलेली कंपनी सरकारी उत्तरदायित्व कार्यालयाकडे, म्हणजे जीएओकडे, हरकत नोंदवू शकते. अनुदानाबाबतच्या हरकती जीएओ साधारणपणे ऐकत नाही. कंत्राटच द्यायला हवे होते तिथे अनुदानाचे साधन वापरले, असा आक्षेप असेल तरच दार उघडते. पात्रतेच्या कलमाने बाहेर राहिलेल्या संस्थेला म्हणून व्यवहारात एकच काळ हाती असतो: जाहिरातीनंतर प्रश्न विचारण्याची मुदत. ‘आमच्यासारखी संस्था पात्र आहे का’ हे तिथे लेखी विचारले, तर उत्तर सर्व अर्जदारांसाठी प्रसिद्ध होते आणि कधी कधी कलमात दुरुस्तीही होते.

परदेशी मदत वाटणाऱ्या यूएसएड या अमेरिकी सरकारी संस्थेत हे काम तिच्या अंतर्गत नियमावलीच्या ३०३ व्या प्रकरणाने चाले. कार्यक्रम सांभाळणारा तांत्रिक अधिकारी मर्यादा का हवी हे लिहून काढी आणि निर्णय अनुदान करारांवर सही करण्याचा अधिकार असलेल्या अ‍ॅग्रीमेंट ऑफिसरच्या सहीने होई. स्पर्धाच टाळायची असेल तर आधीच्या कामाचा पुढचा टप्पा, न मागवता आलेला प्रस्ताव, किंवा ते काम करण्याची एकमेव वा ठळकपणे वरचढ क्षमता, अशा ठरलेल्या अपवादांपैकी एकात प्रकरण बसवावे लागे. ‘वेळ नाही’ हे कारण कागदावर कमकुवत दिसते, म्हणून तेच ‘वरचढ क्षमता’ या नावाने लिहिले जाण्याचा मोह होतो. कामाच्या वर्णनात एखाद्या संस्थेच्या स्वतःच्या कार्यपद्धतीचे नाव दिसले, तर तपासनीसाने तिथे थांबून वाचावे.

अलीकडच्या मर्यादा उलट दिशेच्या आहेत. त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना बाहेर ठेवून स्थानिकांना आत घेतात. देणगीदार आणि मदतसंस्था यांच्यातील २०१६ च्या ‘ग्रँड बार्गेन’ करारात मानवतावादी निधीपैकी किमान २५ टक्के वाटा २०२० पर्यंत शक्य तितका थेट स्थानिक व राष्ट्रीय संस्थांना देण्याचे ठरले होते. यूएसएडच्या प्रमुख समंथा पॉवर यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये चार वर्षांत निधीचा चौथा हिस्सा स्थानिकांना देण्याचे लक्ष्य जाहीर केले. प्रत्यक्षात थेट निधीचा वाटा २०२२ च्या आर्थिक वर्षात १०.२ टक्के आणि पुढच्या वर्षी ९.६ टक्के राहिला.

‘स्थानिक’ म्हणजे कोण, यावर सगळे अडते. यूएसएडच्या व्याख्येत चार कसोट्या होत्या: नोंदणी मदत घेणाऱ्या देशाच्या कायद्याने झालेली, मुख्य कारभार त्याच देशात, बहुसंख्य मालकी तिथल्या नागरिकांकडे किंवा कायम रहिवाशांकडे, आणि नियामक मंडळातही त्यांचेच बहुमत. ना-नफा संस्थेला मालक नसतो, त्यामुळे सगळा भार चौथ्या कसोटीवर येतो. नऊ जणांच्या मंडळातील पाच सदस्य परदेशी नागरिकत्व घेऊन बसले असतील आणि देशातले कायम रहिवासीही नसतील, तर गावात चाळीस वर्षे काम केलेली संस्थाही ‘स्थानिक’ ठरत नाही. याउलट आंतरराष्ट्रीय संस्थेने देशात स्वतंत्र नोंदणी करून मंडळावर पाच स्थानिक नेमले, तर नाव, बोधचिन्ह, हिशेबाची पद्धत सगळे मुख्यालयाचे असूनही ती चारही कसोट्यांना उतरू शकते. नियम दोन्ही ठिकाणी अक्षरशः पाळला जातो.

दुसरी फूटपट्टी रकमेची. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘न्यू पार्टनरशिप्स इनिशिएटिव्ह’मध्ये मागील पाच वर्षांत यूएसएडकडून अडीच कोटी डॉलरपेक्षा जास्त निधी न मिळालेल्या संस्थांना पुढे आणायचे होते. ही रक्कम थेट आणि अप्रत्यक्ष अशी दोन्ही मिळून मोजायची. इथे हिशेबनीस फसतो. एकदाही थेट अनुदान न मिळालेली, पण चार-पाच मोठ्या संस्थांच्या हाताखाली उप-अनुदानावर, म्हणजे त्यांनी आपल्या अनुदानातून पुढे दिलेल्या पैशावर, राबलेली संस्था नकळत ही रेषा ओलांडते. अर्जाआधी प्रत्येक मुख्य संस्थेकडून उप-अनुदानाची वर्षवार रक्कम लेखी मागवून बेरीज करणे हाच उपाय.

पात्रतेच्या कलमात कुठेच न लिहिलेल्या मर्यादा जास्त संस्था गाळतात. अमेरिकेच्या संघीय अनुदानांचे नियम (संघीय नियमसंहितेतील ‘२ सीएफआर २००’ हा भाग) अर्जासाठी साधारणपणे किमान ६० दिवस द्यायला सांगतात आणि तातडीची परिस्थिती नसेल तर ३० दिवसांच्या खाली जाऊ देत नाहीत. परदेशी संस्थेला त्याआधी सॅम या सरकारी नोंदवहीत नोंदणी आणि यूईआय ओळखक्रमांक लागतो; पूर्वी त्याहीआधी एनकेज हा आणखी एक ओळखक्रमांक घ्यावा लागे. एप्रिल २०२२ पर्यंत यूईआयच्या जागी डन्स क्रमांक चाले. संस्थेच्या कागदपत्रांत नाव ‘लिमिटेड’ असे पूर्ण आणि सॅममध्ये ‘लि.’ असे असेल, किंवा पत्त्यात मजला एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर पडताळणी अडकते आणि दुरुस्तीत आठवडे जाऊ शकतात. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. जाहिरात आल्यावर नोंदणीला हात घालणारी संस्था ३० दिवसांच्या मुदतीत बहुधा बादच.

अप्रत्यक्ष खर्चाचे, म्हणजे एकाच कामाला न जोडता येणाऱ्या कार्यालयीन खर्चाचे, गणितही असेच. वाटाघाटीने ठरलेला दर नसलेल्या संस्थेला ठोक दर मिळतो: पूर्वी १० टक्के, १ ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत. तो पूर्ण खर्चावर लागत नाही. प्रत्येक उप-अनुदानाचे पहिले २५,००० डॉलरच धरले जात, आता ५०,००० धरतात. समजा थेट खर्च १० लाख डॉलर असून त्यातले ६ लाख तीन सारख्या उप-अनुदानांत जातात, आणि वगळण्यासारखे दुसरे काही नाही. जुन्या नियमाने आधाररक्कम ४,७५,००० आणि मिळणारे ४७,५०० डॉलर. नव्या नियमाने ५,५०,००० आणि ८२,५००. जुन्या आकड्यात लेखापाल, लेखापरीक्षण आणि कार्यालयाचे भाडे भागवायचे म्हटले की ‘केवळ स्थानिकांसाठी’ असलेल्या अनुदानालाही स्थानिक अर्जदार मिळत नाहीत. अर्जदाराने स्वतःचा हिस्सा घालावा ही अट असेल तर आणखी गळती.

काही वेळा अटीच पात्रतेचे काम करतात. एचआयव्ही निधीसाठी वेश्याव्यवसायाविरोधी धोरण जाहीर करण्याची सक्ती अमेरिकी संस्थांवर करता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने परदेशी संलग्न संस्थांवरची सक्ती कायम ठेवली.

युरोपीय संघात मर्यादा थेट कायद्यात आहे. मानवतावादी मदतीच्या १९९६ च्या नियमानुसार अनुदान घेणारी स्वयंसेवी संस्था सदस्य देशाच्या कायद्याने स्थापन झालेली हवी आणि तिचे मुख्यालय सदस्य देशात किंवा मदत घेणाऱ्या देशात हवे, अपवादाने दुसऱ्या देणगीदार देशात चालते. संकटग्रस्त देशातील स्थानिक संस्थेच्या हाती पैसा येतो तो बहुधा भागीदार संस्थेमार्फत.

यूएसएडचे काम १ जुलै २०२५ रोजी थांबले आणि उरलेले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे गेले. ३०३ वे प्रकरण यूएसएडचे स्वतःचे होते. २ सीएफआर २०० मात्र संघीय खात्यांसाठी सामाईक आहे, त्यामुळे ३० आणि ६० दिवसांच्या मुदती, सॅमची नोंदणी आणि ठोक दराचे गणित अर्जदाराच्या वाटेत तसेच उभे आहे.