सलाईनच्या बाटलीवरचा रिंगर आणि हृदयातलं कॅल्शियम

गाय व्याली अन दुसऱ्या दिवशी बसली, मान पोटाकडं वळलेली, कान गार, की जनावराचे डॉक्टर शिरेतून कॅल्शियम लावतात, पण थेंब थेंब, अन मधून मधून स्टेथोस्कोप छातीवर ठेवून ठोके ऐकतात. घाई केली तर ठोके बिघडून गाय जागीच जाऊ शकते. जनावर उभं करणारं कॅल्शियम हृदय बंद काहून पाडते, ही गोष्ट सुरू होते १८८२ मध्ये लंडनला.

तिथं सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवायचे अन त्यांना वाटायचं की पाणी डिस्टिल्ड आहे, पण हाताखालच्या माणसानं साधं नळाचं वापरलं होतं. खरंखुरं डिस्टिल्ड पाणी घेतलं त हृदय थोड्या वेळात मंदावून थांबलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, सगळा खेळ त्याचा! आपल्या दवाखान्यात लावतात त्या आरएल सलाईनमधला आर म्हणजे हेच रिंगर. लॅक्टेट नंतर अमेरिकेच्या हार्टमननं टाकलं.

मंग बरीच वर्षं फारसं पुढं सरकलं नाही. एवढासा क्षार अख्खा स्नायू चालवतो हे मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पटतच नव्हतं. १९६० च्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशींनी ट्रोपोनिन हे प्रोटीन शोधलं, कॅल्शियम त्याला चिकटलं की स्नायूचे धागे एकमेकांत सरकतात अन आकुंचन होते. छातीत दुखल्यावर रक्ताची ट्रोपोनिन टेस्ट करतात ना, त्याच कुटुंबातलं.

पण माझ्या मते खरी मजा आकुंचनात नाही, सैल पडण्यात आहे. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा जवळजवळ १०,००० पट जास्त असते, म्हणून आत यायला ते टपलेलंच, पण प्रत्येक ठोक्यानंतर ते उपसून परत पेशीतल्या कोठारात भरावं लागते, विहिरीत झिरपलेलं पाणी मोटर लावून काढतो तसं, अन मोटरीला लाईट पाहिजेच. ही मोटर १९६१ च्या सुमारास जर्मनीत हासेलबाख अन माकिनोसे यांनी दाखवली, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, त्याचा एक कण खर्च करून ती कॅल्शियमचे दोन कण ओढते. पाव किलोच्या आसपासचं हृदय दिवसाला साधारण सहा किलो एटीपी फिरवते, त्यातला साधारण तिसरा हिस्सा असल्या उपशातच जातो. थोडं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या एटीपी बनवणाऱ्या कारखान्यात, शिरून तो बनवायचा वेगही वाढवते, म्हणजे खर्च करायला लावणारा अन कमाई वाढवणारा एकच. वयानं नाहीतर रक्तपुरवठा कमी पडल्यानं हा उपसा मंदावला की हृदय नीट सैल पडत नाही, नागपूरहून आलेल्या टू-डी इको रिपोर्टमधल्या डायस्टोलिक डिसफंक्शनच्या मागं बरेचदा हेही एक कारण असते.

त्याच दशकात जर्मनीच्याच फ्लेकेनस्टाइन यांच्या लक्षात आलं की व्हेरापॅमिल नावाचं औषध दिलं त कॅल्शियम आत कमी जाते, जोर उतरतो अन ऑक्सिजनची मागणीही घटते. बीपीची अॅम्लोडिपिन याच खानदानातली, फक्त तिचा जोर हृदयापेक्षा रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर जास्त. अन हो, दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणून हृदय दणकट होत नाही, रक्तातलं कॅल्शियम शरीर हार्मोननं आपल्या मापातच ठेवते.