सादळण्याआधी

इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात फिश अँड चिप्स, म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा आणि बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी, खाल्ले आणि हिरमोड झाला. जाडजूड आवरण एकीकडे, मासा दुसरीकडे आणि मधे ओल्या पिठाचा चिकट थर. शेजारच्या आजोबांना सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, ‘‘काचेच्या कपाटात तळून ठेवलेला मासा दिला ना?’’ दिला होता खरा. ‘‘मग परत फिरायचं होतं. रांग असेल त्या चिपीत जावं.’’ चिपी म्हणजे गल्लीतलं फिश अँड चिप्सचं दुकान. आजोबांचा सल्ला अनुभवाचा होता, पण त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे, आणि ते जवळजवळ सगळं वाफेचं आहे.

पिठात बुडवलेली तुकडी 180 अंशांच्या तेलात पडली की बुडबुड्यांचा कल्लोळ उठतो. आपण म्हणतो तेल उकळतंय, पण तेल उकळत नसतं. उकळतं ते पिठातलं आणि माशातलं पाणी. थेंबभर पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, त्यामुळे सगळा जोर आतून बाहेर असतो. वाफ बाहेर धावतेय तोवर तेलाला आत शिरायला वाट नसते. आवरणाच्या आतला मासा तर तळला जातच नाही. मोदकातलं सारण उकडीत शिजावं तसा तो स्वतःच्या पाण्यावर वाफवला जातो. कॉड आणि हॅडॉक या माशांचं मांस पाकळ्यापाकळ्यांचं असतं, आणि त्या पाकळ्यांना धरून ठेवणारा कोलॅजन या प्रथिनाचा पातळ पडदा पन्नास अंशांच्या आसपासच विरघळायला लागतो. म्हणून नीट शिजलेल्या हॅडॉकला काटा लावला की पाकळ्या आपोआप सुटतात. त्यापुढेही तापवत राहिलं तर प्रथिनं आक्रसतात, पाणी पिळून निघतं आणि मासा कोरडा पडतो.

खरी मेख तुकडी बाहेर काढल्यावर आहे. आच गेली की आतली वाफ थंडावून पुन्हा पाणी होते, दाब उतरतो आणि पृष्ठभागावरचं तेल छिद्रांतून आत ओढलं जातं. बटाट्याच्या चिप्समध्ये मुरणारं बरंचसं तेल असं कढईबाहेर आल्यावर मुरतं. त्यामुळे रांगेत उभं असताना मी तळणाऱ्याचे हात बघतो. जाळी वर काढल्या काढल्या दोन-तीनदा खणखणीत आपटून तेल निथळवणारा माणूस भेटला की निम्मं काम झालं. तेल पुरेसं तापायच्या आत घाणा सोडणारा भेटला, तर उरलेली रांग त्याला लखलाभ.

आवरणाचं गणित आपल्या भज्यांपेक्षा जरा वेगळं आहे. बेसनात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, नसतं, म्हणून ते हवं तेवढं फेटता येतं. इथे गव्हाचं पीठ असतं. ते जास्त घोटलं की ग्लूटेनची जाळी विणली जाते आणि आवरण चिवट होतं. म्हणून पाणी गार घ्यायचं आणि ढवळायचं बेताचं. बिअर किंवा बेकिंग पावडर घालतात ती कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांसाठी. पाणी उडून गेल्यावर उरतो तो थर भौतिकशास्त्राच्या भाषेत काचेसारखा असतो, कडक आणि कट्कन मोडणारा. त्यात पाण्याचे रेणू शिरले की त्याचं चामडं होतं. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: सादळणं. पापड सादळायला पावसाळी हवेत तासभर लागेल, पण झाकणाच्या डब्यात कोंडलेला गरम मासा काही मिनिटांतच सादळतो, कारण त्याची वाफ त्याच्यावरच परतते. कागदात गुंडाळून देतात ते त्या मानानं बरं, कारण कागद थोडी वाफ पितो आणि थोडी बाहेर सोडतो. दिव्यांनी गरम ठेवलेल्या कपाटात तर ही सादळण दुकानातच उरकलेली असते.

आता बटाटा. इंग्लंडच्या चिप्समधला मातब्बर वाण मॅरिस पायपर, 1966 साली बाजारात आलेला. त्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त, त्यामुळे चिप आतून भुसभुशीत होते. पण बटाटे फार थंडीत साठवले की पिष्टाची साखर होते आणि चिप शिजायच्या आधीच बाहेरून काळवंडते. अशा जादा साखरेच्या चिप्समध्ये ॲक्रिलामाइडही जास्त तयार होतं. तळणीतल्या या घातक मानल्या जाणाऱ्या रसायनाकडे 2002 साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी जगाचं लक्ष वेधलं. त्यामुळे तपकिरी आणि तरीही लिबलिबीत चिप्स दिसल्या तर मी तळणाऱ्याच्या आधी गोदामाला दोष देतो.

एक गोष्ट आपल्या मंडळींनी आधीच विचारून घ्यावी. यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्सच्या परगण्यात, बरीच दुकानं बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोवंशाच्या चरबीत तळतात. मासाच नव्हे, चिप्सही. ‘मी नुसत्या चिप्स घेतो, शाकाहारी आहे’ म्हणणारे पाहुणे माझ्यासमोर फसलेत. ही चरबी बहुतांशी संपृक्त आणि एकेरी असंपृक्त, म्हणजे हवेशी सहज न जुळणारी, असल्यानं तापवल्यावर लवकर खवट होत नाही, पण थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. तेल असो की चरबी, अगदी कोरी असेल तर पदार्थाला रंग चढत नाही. चार घाणे झाले की तिच्यात साबणासारखे घटक तयार होतात आणि पाण्याशी तिची सलगी वाढते. मग तळण खमंग होतं. हेच घटक फार साचले की फेस येतो, धूर लवकर निघतो आणि पदार्थ तेलकट होतो. हे दारातच नाकाला कळतं.

गोठवलेल्या माशाला मात्र नाकं मुरडू नका. उत्तरेच्या थंड समुद्रांतल्या मोठ्या ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या जहाजावर, मासा पकडल्यावर काही तासांत गोठवतात, आणि तो बंदरात चार दिवस बर्फात पडलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा सरस असू शकतो. कॉड बिघडतो तो पुरेशा थंडीत न ठेवल्यानं. मग त्याच्या स्नायूंत अगदी थोडं फॉर्माल्डिहाइड तयार होतं, प्रथिनांना एकमेकांत अडकवतं आणि तुकडी रबरी लागते. शिळ्या माशाचा वास हा ट्रायमिथिलअमाईन नावाच्या रसायनाचा. आम्ल पडलं की त्याचा क्षार होतो, मग ते हवेत उडत नाही आणि वास येईनासा होतो. आपल्याकडे आमसूल आणि लिंबू करतात तेच काम इथे व्हिनेगर करतं. अर्थात पुष्कळ चिपींतल्या बाटलीत व्हिनेगर नसतंच. पाण्यात ॲसेटिक आम्ल आणि रंगाला कॅरॅमल असतं, आणि कायद्यानं त्याला व्हिनेगर म्हणताही येत नाही. वासाचं काम तेही चोख करतं.

पहिलं दुकान कोणाचं, लंडनच्या जोसेफ मॅलिनचं की लँकेशरमधल्या मॉस्लीच्या जॉन लीझचं, यावर इथे अजून वाद घालतात. दोन्ही दावे 1860च्या दशकातले. तळलेला मासा मात्र स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंनी आणला, असं सांगतात.

माझी चिपी घरापासून चालत नऊ मिनिटांवर आहे. वाफेच्या हिशेबात नऊ मिनिटं फार झाली. म्हणून दुकानासमोरच्या बुटक्या भिंतीवर बसतो, कागद पूर्ण उघडतो आणि बोटं भाजत तिथेच खातो. परवा भुरभुर पाऊस होता. छत्री माशावर धरली.