चौकोनी सोन्याची नाणी आणि वेढ्याची दंतकथा

ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या आर्चबिशपांनी, म्हणजे तिथे राज्यही करणाऱ्या धर्मगुरूंनी, पाडलेले चौकोनी सोन्याचे नाणे दिसले, की ते वेढ्यात अडकलेल्या शहराने घाईघाईने पत्रा कापून पाडलेले असणार, असे संग्राहक वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत आले आहेत. या समजाचे मूळ खरे आहे. १५२९ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला तेव्हा तिथे अशी चौकोनी नाणी खरोखरच पाडली गेली. मात्र तो नियम साल्झबर्गला लावणे चुकीचे ठरते. युरोपातील ‘तीस वर्षांच्या युद्धा’त (१६१८–१६४८) आर्चबिशप पारिस लोड्रोन (१६१९–१६५३) यांनी आपले राज्य प्रत्यक्ष लढाईपासून दूर ठेवले, आणि तरीही त्यांच्या कारकिर्दीत चौकोनी नाणी निघाली. ‘क्लिपे’ म्हणून ओळखली जाणारी ही नाणी बहुधा भेटीसाठी व मानासाठी असत, आणि अनेकदा गोल नाण्याचाच ठसा चौकोनी तुकड्यावर उमटवला जाई. घाईचा पुरावा म्हणून कोपरे दाखवणाऱ्या विक्रेत्याला वजन विचारावे: डुकाट या त्या काळच्या प्रमाणित सोन्याच्या नाण्याच्या (सुमारे ३.४९ ग्रॅम) पटीत ते नेमके बसत असेल, तर ती घाई बरीच शिस्तबद्ध म्हणावी लागेल.