हाइनेचा काव्यविनोद

जर्मन कवी हाइनरिख हाइने (१३ डिसेंबर १७९७ – १७ फेब्रुवारी १८५६) याच्या कवितेत आणि गद्यात प्रेम, निसर्ग, कला व श्रद्धा यांवर येणारे मार्मिक भाष्य. त्याची ठरलेली खूण म्हणजे शेवटी पालटणारा सूर. कविता हळवी होत जाते, वाचक तिच्यात विरघळतो आणि अखेरच्या दोन ओळी त्याला खाडकन भानावर आणतात. जर्मन समीक्षेत या तंत्राला ‘भावभंग’ अशा अर्थाचे नाव आहे. ते नाव अपुरे वाटते, कारण हाइनेच्या उत्तम कवितांत भाव भंगत नाही. हसू आल्यानंतरच तो खोलवर लागतो.

हाइनेचा जन्म ड्युसेलडॉर्फच्या ज्यू कुटुंबात झाला. हॅम्बुर्गचा धनाढ्य बँकर सॉलोमन हाइने हा त्याचा काका. काकाची मुलगी अमाली हिच्यावर त्याचा जीव जडला; तिने १८२१ मध्ये दुसऱ्याशी लग्न केले. ही जखम ‘बुख डेर लीडर’ (गीतांचे पुस्तक, १८२७) या संग्रहात पानोपानी दिसते. कवीच्या हयातीतच त्याच्या १३ आवृत्त्या निघाल्या.

त्यातली एक कविता अवघ्या बारा ओळींची आहे. एका मुलाचे एका मुलीवर प्रेम. तिचे मन दुसऱ्यावर. त्या दुसऱ्याचे तिसरीवर, आणि तो तिच्याशी लग्न करून मोकळाही होतो. मुलगी रागाच्या भरात समोर येईल त्या पहिल्या माणसाच्या गळ्यात माळ घालते. पहिला मुलगा बसतो झुरत. मराठी वाचकाला इथे भर्तृहरीचा ‘यां चिन्तयामि सततं मयि सा विरक्ता’ हा श्लोक आठवल्यावाचून राहत नाही. वामन पंडितांनी भर्तृहरीची शतके मराठीत आणली, तेव्हापासून ही साखळी आपल्या ओळखीची आहे. फरक शेवटात आहे. भर्तृहरी तिचा, त्याचा, मदनाचा आणि स्वतःचाही धिक्कार करतो. हाइने कोणाचाच करत नाही. गोष्ट जुनीच आहे, पण नेहमी नवी असते, आणि ज्याच्यावर बेतते त्या माणसाचे काळीज दुभंगते, एवढेच तो सांगतो. आधीच्या ओळी ओसरीवरच्या गप्पांसारख्या सहज जातात, म्हणून ही ओळ सोसवत नाही. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानने १८४० मध्ये हाइनेच्या सोळा गीतांची ‘डिख्टरलीबं’ (कवीचे प्रेम) ही माला रचली. तीत या कवितेला त्याने उड्या मारत जाणारी, लोकनृत्याच्या ठेक्याची चाल दिली. दुःखी कवितेला अशी चाल लावायला कवितेची नाडी कळावी लागते.

निसर्गावरच्या विनोदाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आठ ओळींचा आहे. एक तरुणी समुद्रकाठी उभी राहून सूर्यास्ताकडे पाहत लांबलचक उसासे टाकते. कवी तिला समजावतो : बाईसाहेब, उगीच कष्टी होऊ नका. हा जुनाच खेळ आहे. इथे पुढून बुडतो आणि मागून पुन्हा वर येतो. ही सूर्यास्ताची टिंगल नव्हे. रोख आहे तो दुसऱ्यांच्या कवितांतून उसन्या घेतलेल्या उसाशांवर. १८२४ च्या शरद ऋतूत हाइने जर्मनीतील हार्ट्स पर्वतात पायी हिंडला. त्या प्रवासाच्या वर्णनात (१८२६) ब्रॉकेन शिखरावरची संध्याकाळ आहे. जमलेली मंडळी देवळात असावीत तशी स्तब्ध आहेत, कवीही त्या मावळतीत हरवला आहे. एवढ्यात शेजारचा तरुण व्यापारी उद्गारतो, ‘निसर्ग एकंदरीत किती सुंदर आहे!’ त्या एका ‘एकंदरीत’ने संध्याकाळ विझते. ज्याने ती मनापासून अनुभवली होती, त्यालाच हा शब्द इतका बोचू शकतो.

‘बुख डेर लीडर’मध्येच विश्वामित्रावरही एक छोटी कविता आहे. बॉनमध्ये हाइने ए. डब्ल्यू. श्लेगेल या संस्कृतज्ञाचा विद्यार्थी होता, तर बर्लिनमध्ये फ्रान्झ बॉप हा संस्कृतज्ञ भाषाशास्त्रज्ञ शिकवत होता. विश्वामित्राच्या तपश्चर्येचे रामायणातील आख्यान बॉपने १८१६ मध्येच जर्मनमध्ये आणले होते. हाइने म्हणतो, विश्वामित्र राजा वसिष्ठांच्या गाईसाठी लढतो, तप करतो, त्याला क्षणाची उसंत नाही. अरे राजा, एका गाईपायी एवढे सगळे? काय बैल आहेस तू! जर्मनमध्येही ‘बैल’ म्हणजे मूर्खच, त्यामुळे हा विनोद मराठीत जसाच्या तसा उतरतो. एरवी भाषांतरात हाइने फार गमावतो.

श्रद्धेचा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. ज्यूंना सरकारी नोकरीची दारे बंद होती, म्हणून जून १८२५ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे युरोपीय संस्कृतीचे प्रवेशपत्र, असे त्याने पुढे लिहिले. या वाक्यातला विनोद कडू आहे. प्रवेशपत्र घेऊनही दार उघडले नाही, आणि ख्रिस्ती व ज्यू दोघेही आपला द्वेष करतात, हे त्याने मित्राला पत्रातून कळवले. १८३१ मध्ये तो पॅरिसला गेला तो कायमचा.

मे १८४८ मध्ये तो अखेरचा घराबाहेर पडला. कसाबसा लूव्र संग्रहालयात पोचला आणि ‘मिलोची व्हीनस’ या सौंदर्यदेवतेच्या प्राचीन ग्रीक पुतळ्याच्या पायाशी बसून खूप रडला. ‘रोमान्सेरो’ (१८५१) या संग्रहाच्या उपसंहारात तो लिहितो : देवी माझ्याकडे करुणेने पाहत होती, पण जणू म्हणत होती, दिसत नाही का तुला, मला हातच नाहीत, मी मदत कशी करू? रूपाची भक्ती, तिची मर्यादा आणि रडत्या माणसाचे हसू एकाच वाक्यात मावावे, असे दुसरे उदाहरण रोमँटिक वाङ्मयात विरळा.

पुढची आठ वर्षे त्याने अंथरुणावर काढली. त्याला तो ‘गादीची कबर’ म्हणे. या काळात तो पुन्हा देवाकडे वळला, पण जाब विचारायचे सोडले नाही. बायबलमधील व्याधिग्रस्त भिकारी लाझारस याला समोर ठेवून लिहिलेल्या कवितांपैकी एकीत तो विचारतो, सज्जनानेच क्रूस वाहत रक्तबंबाळ का व्हावे? आपण हेच विचारत राहतो, शेवटी मूठभर मातीने कोणीतरी आपले तोंड बंद करते. पण हे काय उत्तर झाले? ‘देव मला क्षमा करील, तो त्याचा धंदाच आहे,’ हे मृत्युशय्येवरचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य अधिक गाजले. ही कविता त्याहून कितीतरी मोठी आहे.

एका फ्रेंच रसिकाने हाइनेला ‘कफनी उतरवलेला रोमँटिक’ म्हटले होते, आणि ते विशेषण त्याला स्वतःला आवडले. मायदेशात मात्र त्याची उपेक्षा टिकून राहिली. त्याच्या ‘लोरेलाय’ कवितेवरून घडवलेले स्मारक-कारंजे ड्युसेलडॉर्फने नाकारले; ते १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात उभे राहिले. ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठाला त्याचे नाव मिळाले ते दीर्घ वादानंतर, १९८८ मध्ये.