लखनवी बडीशेप वेगळ्या झाडाची नसते

नागपूरच्या इतवारी बाजारात किराणा घेताना हमखास ऐकू येतं: "बारीक हिरवी लखनवी ही वेगळी जात, लखनौकडे पिकते, जाडी ती साधी." हा समज पक्का रुजलाय, आणि चुकीचा आहे.

दोन्ही एकाच झाडाच्या. फरक तोडणीच्या वेळेचा. बडीशेपेचे तुरे एकदम पिकत नाहीत, म्हणून मजूर शेतात अनेकदा फिरून ते खुडतात. दाणा पूर्ण वाढीच्या निम्मा, कोवळा असताना तुरा खुडून सावलीत वाळवला की ती लखनवी. हिरवा रंग टिकतो, तंतू कमी, चव गोड. तोच दाणा झाडावर पूर्ण भरू दिला की जाड बडीशेप मिळते. कोवळी तोडली की वजन कमी भरतं आणि मजुरी जास्त लागते. महाग असण्याचं कारण हे आहे. देशातलं बहुतेक पीक गुजरात-राजस्थानचं, मोठा बाजार मेहसाणा जिल्ह्यातल्या उंझ्याचा. लखनौचं फक्त नाव.

या समजाचा खरा तोटा पुढे होतो. "जितकी हिरवी तितकी अस्सल" म्हणून लोक भडक हिरवी उचलतात, आणि रंग लावणाऱ्यांचं फावतं. अख्ख्या बडीशेपेत वरून रंग घालायला अन्नसुरक्षा नियमांत परवानगी नाही. चिमूटभर दाणे ओल्या पांढऱ्या कापसावर चोळा. कापूस हिरवा झाला तर परत करा. नैसर्गिक रंग फिकट, थोडा पिवळसर आणि दाण्यागणिक वेगळा असतो.

मुखवासाला बारीक घ्या, पण मसाल्यात भाजायला मला जाडच योग्य वाटते.